कर्दळीचं फूल ओळखताना या चुका टाळा

कर्दळीचं फूल हातात दिलं आणि पाकळ्या मोजायला सांगितलं, की बहुतेकजण लाल-पिवळ्या रुंद झालरी मोजतात. त्या पाकळ्या नव्हेतच. ते आहेत रूप पालटलेले, वांझ पुंकेसर, म्हणजे पराग देणारे फुलाचे नर अवयव. फूल उलटं धरा आणि देठाकडून मोजत या: आधी ३ छोटी निदलं (कळीला बाहेरून झाकणारी दलं), मग ३ अरुंद, टोकदार पाकळ्या. रंगाचा सगळा थाट त्यानंतर सुरू होतो. या थाटात जननक्षम पुंकेसर एकच, आणि तोही अर्धाच! त्याची एक बाजू झालरीसारखी पसरलेली असते, दुसऱ्या कडेला अर्धा परागकोश चिकटलेला असतो. मला तर वनस्पतींमधली ही सगळ्यात देखणी फसवणूक वाटते.

परागकोश रिकामा दिसला म्हणून फूल वांझ ठरवू नका. कळी उमलण्याआधीच पराग शेजारच्या चपट्या, पट्टीसारख्या किंजलावर, म्हणजे स्त्रीकेसराच्या दांड्यावर, उतरलेले असतात. भिंग तिथे धरा. फुलाचे दोन सारखे भाग पाडायचा खटाटोपही नको, ते कुठूनही कापलं तरी सारखं होत नाही.

पानं केळीसारखी, म्हणून खोडही तसंच असेल असं समजू नका. केळीचा खांब पानांच्या आवरणांचा असतो. कर्दळीला खरं खोड असतं. जमिनीखाली असतो तो कांद्यासारखा कंद नसून आल्यासारखं मूलक्षोड, म्हणजे जमिनीत आडवं वाढणारं खोड. त्यावर पेरं आणि डोळे दिसतात. तुकडे करताना प्रत्येकावर निदान एक डोळा हवाच, नाहीतर लावलेला तुकडा नुसता कुजून जातो.

कॅना इंडिका या शास्त्रीय नावातल्या ‘इंडिका’वरून कर्दळीचं मूळ भारतात शोधू नका. सुमारे १० जातींची ही प्रजाती अमेरिका खंडांतल्या उष्ण प्रदेशांतली. शिवाय बागेतल्या बहुतेक मोठ्या फुलांच्या कर्दळी संकरित असतात, त्यामुळे प्रत्येक रोपाला इंडिका म्हणणंही चूकच.

बी उगवत नाही ही तक्रार नेहमीची. ते काळं, गोल बी छर्ऱ्याइतकं टणक असतं, पाणी आत शिरतच नाही. एका बाजूने कानशीवर घासा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसला की थांबा आणि दिवसभर कोमट पाण्यात ठेवा. मग पेरा.