दुकानात बिलिंगसाठी ऑनलाइन सॉफ्टवेअर घ्यायचं की कॉम्प्युटरवर बसवायचं?

आधी एकच बघा, नेट गेल्यावर बिल निघतं का. डेमोला आलेल्या माणसासमोर वायफाय बंद करा, दोन-चार बिलं फाडा, प्रिंट काढा, मग नेट चालू करून बघा की ती बिलं ऑनलाइन खात्यात चढली का आणि नंबर डबल तर नाही झाले, कारण जीएसटीत एका आर्थिक वर्षात बिल नंबर रिपीट झालेला चालत नाही. दोन काउंटर असतील तर प्रत्येकाची सिरीज वेगळी ठेवता येते का तेही तिथंच विचारा.

एकच दुकान, एकच काउंटर आणि नेट सारखं जातं अशा गावात असाल तर माझ्या मते कॉम्प्युटरवर बसवलेलंच बरं, फक्त रोज रात्री पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या आणि तो पेनड्राइव्ह घरी न्या, हार्डडिस्क उडाली की उधारीचं खातंपण जातं हो! यूपीएस मात्र दोन्हीकडे लागतोच.

दोन शाखा असतील, किंवा घरबसल्या मोबाईलवर स्टॉक बघायचा असेल तर ऑनलाइन घ्या. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तसं परत झालं तर अपडेट कोण करणार, आपण का कंपनी, हे आधीच विचारून घ्या.

आणि ऑनलाइन सॉफ्टवेअरची वर्गणी थांबवली तर जुना डेटा एक्सेलमध्ये मिळेल हे लेखी घ्याच, जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात.