बोकड कापल्यावर ती पाण्याची गाठ कुत्र्यापुढे टाकू नका: हायडॅटिडपासून घर कसं वाचवायचं

माझी आत्या माळकरी आहे, चाळीस वर्षं झाली माळ घालून, मटणाचं भांडं वेगळं, चूल वेगळी, आणि तिच्याच लिव्हरमध्ये ९ सेंटीमीटरची हायडॅटिड सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, निघाली. उजव्या बरगडीखाली जड वाटतंय, जेवलं की फुगल्यासारखं होतंय म्हणून दोन-तीन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्याच खात होती, शेवटी कुणीतरी सोनोग्राफी करा म्हटलं तेव्हा कळलं. रिपोर्ट आल्यावर अख्ख्या भावकीत एकच प्रश्न, की अहो हा तर मेंढरा-बकऱ्यांचा रोग म्हणतात, मग जिने आयुष्यात मटण तोंडात घातलं नाही तिला कसा झाला? या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं तर पुढचं सगळं आपोआप कळतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हा रोग मटण खाऊन होत नाही. गाठ असलेली कलेजी चुकून शिजवून खाल्ली तरी त्यातून माणसाला गाठ होत नाही. माणसाला होतो तो कुत्र्याच्या विष्ठेतून पडलेली अंडी पोटात गेल्यामुळे. म्हणजे असं बघा, एक अगदी बारका फीतकृमी असतो, एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नाव आहे, लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर, तांदळाच्या कणीएवढा म्हणा. तो राहतो कुत्र्याच्या आतड्यात. एका कुत्र्यात हजारो असू शकतात आणि तरी कुत्रं मस्त खातंय, पळतंय, त्याला काही होत नाही. त्याच्या विष्ठेतून डोळ्याला न दिसणारी अंडी बाहेर पडतात, गवतावर, पाण्यात, अंगणात. ते गवत मेंढी-बकरी-गाय-म्हैस खाते, तिच्या लिव्हरमध्ये नाहीतर फुफ्फुसात पाण्याची गाठ तयार होते, आणि ते जनावर कापल्यावर किंवा मेल्यावर ती कच्ची गाठ परत कुत्र्याने खाल्ली की त्याच्या पोटात नवीन कृमी तयार. माणूस या चक्रात मधेच अडकतो, आपल्या पोटात अंडं गेलं की आपल्यालाही मेंढीसारखीच गाठ होते. माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे पेशंटचं ताट-तांब्या वेगळा करायची काही गरज नाही, आत्याच्या बाबतीत एक-दोन घरांनी तेही केलं आणि तिला फार लागलं ते.

आत्याच्या अंगणात दरवर्षी जत्रेला बोकड पडायचा, मुलं खाणारी आहेत. कुत्रं दारातच. सकाळी अंगण ती झाडायची, कुत्र्याला भाकरी तीच घालायची, त्याच्या अंगावरून हात तीच फिरवायची, आणि मागच्या वाफ्यातली कोथिंबीर तीच खुडायची. गाठ नेमकी कुठून आली हे कोणी सांगू शकत नाही कारण ती वाढायला वर्षानुवर्षं लागतात, पण रस्ता हाच असतो.

आता मुख्य काम, जनावर कापलं जातं त्या दिवसाचं. ज्याने ही गाठ कधी पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो ती कशी दिसते. कलेजीवर किंवा फुफ्फुसावर पांढरट गोल फुगवटा दिसतो, कधी सुपारीएवढा, कधी लिंबाएवढा, बोटाने दाबलं तर टणक पाण्याचा फुगा दाबल्यासारखं लागतं. कापली तर नितळ पाणी उडतं आणि आतून उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी जाड साय निघते. त्या पाण्याच्या तळाशी बारीक रेतीसारखं काहीतरी बसतं, ती रेती म्हणजेच कृमीची पिल्लं, एकेक कण कुत्र्याच्या पोटात गेला की त्याचा एकेक कृमी होतो. कापणारा माणूस काय करतो, हे खराब आहे म्हणून तेवढा तुकडा काढतो आणि बाजूला वाट बघत बसलेल्या कुत्र्यापुढे फेकतो. मी लहानपणापासून हेच बघत आलो, मीही फेकलेत. त्या एका फेकण्यात सगळा रोग आहे हो.

तर करायचं असं. कापायच्या आधी कुत्रं बांधून ठेवा, लांब, आणि शेजाऱ्यांनाही सांगा, कारण वास आला की आळीतली सगळी जमा होतात. झाकणाचा एक डबा किंवा घमेलं बाजूला ठेवा, त्यात गाठ असलेली कलेजी, फुफ्फुस, जे काही संशयास्पद वाटेल ते टाका. गाठ फोडून बघायची हौस करू नका. मग एकतर जाळा, नाहीतर पुरा. पुरायचं म्हणजे हातभर खड्डा करून माती ओढायची नाही, रात्री कुत्री येऊन उकरतात, मी स्वतः सकाळी उकरलेला खड्डा पाहिलाय. कमरेएवढा खोल खड्डा, त्यात टाकून वर चुना, मग माती, मग मोठे दगड. आणि ज्यांना वाटतं की एवढं वाया का घालवायचं, कुत्र्यालाच घालू, त्यांनी ते उकळायचं, तेही पाण्याला खळखळ उकळी आल्यावर किमान अर्धा ते पाऊण तास. एक गोष्ट लक्षात ठेवा, फुफ्फुस पाण्यावर तरंगतं, वरची बाजू कच्चीच राहते, म्हणून बारीक तुकडे करून वर झाकण ठेवा आणि मधे मधे खाली-वर करा.

जत्रेतला बोकड तरुण असतो, वर्षाभराचा, त्यात गाठी कमी आणि लहान असतात. खरा धोका म्हातारं जनावर, कारण गाठीला पिकायला वर्षं लागतात, म्हणजे कळपातली जुनी मेंढी, भाकड म्हैस, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आपोआप मेलेलं जनावर. धनगरवाड्यावर मेंढरू मेलं की कुत्र्यांपुढे सोडून पुढच्या मुक्कामाला निघतात, त्यांचाही नाइलाज असतो, दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेला माणूस रोज कुठे खड्डे खणणार. पण निदान पोट फाडून काळीज आणि फुफ्फुस तरी जाळून टाका, शेकोटी तर रोज असतेच. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकायची पद्धत पूर्वी चालून गेली कारण गिधाडं तासाभरात साफ करायची, डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं जवळपास संपली, ते औषध जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झालं पण तोपर्यंत गिधाडांची जागा कुत्र्यांनी घेतली होती. ग्रामसभेत विषय काढा, गावाला एक कुंपण घातलेला खड्डा असला तरी पुष्कळ फरक पडेल.

दुसरं काम कुत्र्याचं. जंताची गोळी देतो आम्ही, असं बरेच जण म्हणतात, पण कोणती ते बघा. या कृमीवर चालतं ते प्राझिक्वांटेल, पायरँटेल या जंताच्या दुसऱ्या औषधावर नुसतं विसंबू नका. पाकिटावर प्राझिक्वांटेल लिहिलंय का ते वाचून घ्या. डोस वजनावर असतो, किलोला ५ मिलिग्रॅम, बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या मिश्र गोळीत ५० मिलिग्रॅम असतं म्हणजे १० किलोला एक गोळी, आपलं गावठी कुत्रं १५ ते २० किलोचं असतं त्याला दीड ते दोन, तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा विचारून घ्या, पिल्लू किंवा गाभण कुत्री असेल तर विचारल्याशिवाय देऊच नका. गोळी गुळाच्या खड्यात किंवा उकडलेल्या अंड्यात दाबून द्यायची आणि गिळेपर्यंत तिथेच थांबायचं, आमचा मोत्या गूळ खाऊन गोळी गालफडात ठेवायचा आणि मागे जाऊन थुंकायचा.

किती वेळा? कच्ची गाठ खाल्ल्यापासून कृमी मोठा होऊन अंडी टाकायला साधारण दीड महिना लागतो. म्हणून दर दीड महिन्याने गोळी दिली तर अंडी पडायची वेळच येत नाही. ते जमत नसेल तर तीन महिन्यांतून एकदा तरी. गोळीचा असर साठून राहत नाही, आज दिली आणि उद्या त्याने गाठ खाल्ली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि हे फार जण सांगत नाहीत, गोळीने कृमी मरतो पण अंडी मरत नाहीत, त्यामुळे गोळीनंतरचे दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि विष्ठा गोळा करून जाळा किंवा खोल पुरा, नाहीतर सगळी अंडी एकदम अंगणात. फावड्याने उचला, हातात पिशवी घाला. फिनाईल, ब्लीचिंग पावडर याने अंडी मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. कडक उन्हात वाळूनही मरतात, पण सावलीतल्या ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून हौदाच्या कडेला, गोठ्याच्या मागे जास्त जपायचं.

तिसरं काम हातांचं. कुत्रं आपली मागची बाजू चाटतं, मग अंग चाटतं, त्यामुळे अंडी त्याच्या केसांना चिकटलेली असतात, नुसतं कुरवाळून हात तोंडाला गेला तरी पुरे. कुत्रं पाळू नका असं मी अजिबात म्हणणार नाही, माझ्या दारात आजही आहे. कुरवाळा, मग साबणाने हात धुवा, नखांतून घासून, आणि पोरांना हे सवयीचं करा, कारण पोरं कुत्र्याला मिठी मारतात आणि त्याच हाताने शेंगदाणे खातात. तोंड चाटू देऊ नका. परसातली कोथिंबीर, मेथी, कांद्याची पात कच्ची खायची तर वाहत्या पाण्याखाली एकेक काडी चोळून धुवा, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने अंडी मरत नाहीत, धुतल्यामुळे निघून जातात एवढंच. वाफ्याला काटेरी कुंपण घाला.

आता ज्यांच्या हातात आधीच रिपोर्ट आहे त्यांच्यासाठी. घाबरू नका, हा कॅन्सर नाही. साधारण दहातल्या सात जणांना लिव्हरमध्ये होते, दोघांना फुफ्फुसात, उरलेल्यांना कुठेही, मेंदू, हाड, किडनी. पहिली गोष्ट, बघू काय आहे म्हणून कोणाला त्यात सुई घालू देऊ नका. हायडॅटिडचा संशय असताना तयारीशिवाय सुई गेली आणि पाणी पोटात सांडलं तर जोराची ॲलर्जी येऊन माणूस दगावू शकतो, आणि सांडलेल्या रेतीतून पुढे पोटभर नव्या गाठी होतात. सुईनेच करायची एक पद्धत आहे, पाणी ओढून काढायचं, आत औषध सोडायचं, परत ओढायचं, पण ती सगळी तयारी असलेल्या ठिकाणी, अनुभवी डॉक्टरकडेच.

डॉक्टरांना विचारा, गाठ कोणत्या स्टेजची आहे. सोनोग्राफीवरून सीई १ ते सीई ५ असे प्रकार पाडतात आणि उपचार त्यावर ठरतो. लहान, ५ सेंटीमीटरच्या आतली, एकच कप्पा असलेली गाठ अल्बेंडाझोल या जंताच्या गोळीवर नुसती बसू शकते, आत बारक्या गाठी भरलेली असेल तर बहुतेक ऑपरेशन, आणि सीई ४-५ म्हणजे गाठ स्वतःच मरून सुकलेली, तिला त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून गाठ नाही असं होत नाही. लिव्हरमध्ये असेल तर छातीचा एक्स-रे पण काढून घ्या.

अल्बेंडाझोल म्हणजे शाळेत जंतनाशक दिनाला देतात तीच गोळी, म्हणून काही जण मेडिकलमधून आणून स्वतःच सुरू करतात. तसं करू नका. शाळेतला डोस एक दिवसाचा, इथे रोज दोन वेळा, महिनोन्‌महिने, आणि त्यात लिव्हर आणि रक्तातल्या पेशींवर परिणाम होऊ शकतो म्हणून मधे मधे रक्त तपासावं लागतं. दिवस गेलेले असतील किंवा शक्यता असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गोळी तेला-तुपाच्या जेवणाबरोबर घ्यायची, रिकाम्या पोटी ती अंगी लागतच नाही. आत्या उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी घ्यायची, आम्हाला महिन्याने कळलं, मग एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर जास्तीचं तूप घालून द्यायला लागलो.

गाठ असताना पोटावर मार बसू देऊ नका, जड ओझी, मारकं जनावर आवरणं, हे दुसऱ्याला करू द्या. अचानक पोटात कळ, अंगावर गांध्या, चक्कर, दम लागणं असं झालं तर रात्र असली तरी थांबायचं नाही, गाडी काढायची आणि जाताना डॉक्टरला हायडॅटिड आहे हे आधी सांगायचं. खोकल्यातून एकदम खारट पाणी आणि द्राक्षाच्या सालीसारखे पांढरे पापुद्रे पडले तर फुफ्फुसातली गाठ फुटली असं समजा. खर्चाचं म्हणाल तर मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये दाखवा आणि तिथल्या आरोग्यमित्राला जनआरोग्य योजनेत काय बसतं ते ॲडमिट व्हायच्या आधीच विचारा.

हे सगळं करून खरंच काही होतं का असं वाटत असेल तर आइसलँडचं बघा. तिथे हा रोग घरोघरी होता. १८६३ साली हाराल्ड क्राबे नावाचा डॅनिश माणूस तिथे गेला, त्याने शंभर कुत्री तपासली तर २८ मध्ये हा कृमी निघाला. मग त्याने लोकांच्या भाषेत एक छोटी पुस्तिका काढली, कच्च्या गाठी कुत्र्याला घालू नका, जाळा किंवा पुरा, आणि ती घरोघर फुकट वाटली. तेव्हा प्राझिक्वांटेलचा पत्ताही नव्हता, तरी पुढच्या काही पिढ्यांत तिथून हा रोग गेला. न्यूझीलंड तर मेंढरांचाच देश, तिथेही कच्चे अवयव कुत्र्याला घालायला बंदी केली, कुत्र्यांना औषध दिलं आणि २००२ मध्ये रोग गेल्याचं जाहीर केलं.

आत्याचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली, दरवर्षी सोनोग्राफी असते कारण गाठ परत येऊ शकते, अजून तरी साफ आहे. तिच्या पडवीच्या भिंतीवर चुलत भावाने खडूने मोत्याच्या गोळीच्या तारखा लिहून ठेवल्यात, दीड-दीड महिन्याने, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी खड्डा खणायचं काम आता माझ्याकडे असतं.