आफ्रिकेतले मिशनरी आणि वसाहतीचं सरकार : लिहिताना या चुका टाळा

पाद्री आणि गोरा साहेब म्हणजे एकाच माळेचे मणी, हे गृहीत धरून लिहायला बसलात की पुढचा अर्धा लेख चुकलाच म्हणून समजा. उत्तर नायजेरियाचंच बघा. १९०३ साली तिथलं मुस्लिम राज्य सोकोतो ताब्यात घेतल्यावर ब्रिटिश प्रशासक लुगार्डने तिथल्या अमिरांना, म्हणजे मुस्लिम राज्यकर्त्यांना, शब्द दिला की तुमच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही. कर वसुलीला आणि न्यायनिवाड्याला त्याला हेच अमीर हवे होते. त्यामुळे मुस्लिम मुलखात मिशनला शिरू द्यायला सरकार काचकूच करत राहिलं. (आपल्याकडेही वेगळं काय घडलं? १८१३ साली मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांना कंपनी सरकारने आधी चालतं व्हायलाच सांगितलं होतं.)

मग मिशनरी आफ्रिकनांचे कैवारी ठरवायचे? तीही घाईच. १८८८ साली आताच्या झिम्बाब्वेतल्या राजा लोबेंगुलाने सेसिल ऱ्होड्स या इंग्रज खाणमालकाच्या माणसांना खाणींचे हक्क लिहून दिले, तेव्हा दुभाषा होता लंडन मिशनचा मिशनरी चार्ल्स हेल्म. दहापेक्षा जास्त गोरे आणणार नाही, असं राजाला तोंडी सांगितलं गेलं. कागदावर ते आलंच नाही.

सर्वात जास्त घोळ काँगोबद्दल होतो. १९०८ पूर्वीच्या घटनांना 'बेल्जियन काँगो' म्हणू नका. तोवर तो बेल्जियमच्या राजा लिओपोल्डचा खाजगी मुलूख होता, आणि तिथल्या लोकांकडून सक्तीने रबर गोळा करून घेतलं जायचं. दुसरं, तो फोटो. बारिंगाच्या मिशनमध्ये न्साला नावाचा माणूस बसलेला आणि समोर त्याच्या लहानग्या मुलीचा, बोआलीचा, तोडलेला पंजा आणि पाऊल. 'रबर कमी भरलं म्हणून मुलीचा हात तोडला' एवढीच ओळ त्याखाली फिरते. प्रत्यक्षात रबर कंपनीच्या शिपायांनी बोआलीला आणि तिच्या आईला ठार मारलं होतं. १९०४ सालचा हा फोटो काढला अ‍ॅलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी, आणि इंग्लंडमध्ये तो पडद्यावर दाखवून लिओपोल्डविरुद्ध लोकमत तयार केलं गेलं.

'मिशनरी म्हणजे गोरेच' हेही खरं नाही. १८९९ साली काँगोतल्या कसाई नावाच्या भागात तोडून धुरावर वाळत घातलेले ८१ उजवे हात मोजणारा विल्यम शेपर्ड कृष्णवर्णीय अमेरिकन होता. पुढे त्याच्या लेखावरून तिथल्या रबर कंपनीने बदनामीचा खटला भरला. १९०९ साली तो निर्दोष सुटला.

आणि 'काँगोतले मिशनरी' असं सरसकट तर मुळीच लिहू नका. या अत्याचारांविरुद्ध ओरड केली ती मुख्यतः ब्रिटिश-अमेरिकन प्रोटेस्टंटांनी. बेल्जियन कॅथलिक मिशनना लिओपोल्डच्या सरकारने १९०६ साली व्हॅटिकनशी केलेल्या करारानुसार सरकारकडून जमिनी मिळत होत्या. प्रोटेस्टंटांना नव्या ठाण्यांसाठी त्या मिळेनात. तेव्हा मिशन कोणत्या पंथाचं, कोणत्या देशाचं आणि त्याच्या पायाखालची जमीन कोणी दिलेली, हे आधी तपासा. दया आणि धर्म त्यानंतर.