घडीचा चाकू रोज राबवताय? मग या चुका टाळा

ठिबकची कामं करत मी बावीस वर्षं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून फिरतोय. खिशात घडीचा चाकू नव्हता असा दिवस आठवत नाही. खताची गोणी उघडायची, सुतळी तोडायची, 16 मिलिमीटरची लॅटरल (ठिबकची नळी) कापायची, मोटारीची केबल सोलायची, दुपारी जेवताना कांदा चिरायचा, सगळं त्याच पात्याने. ऑक्टोबरच्या छाटणीआधी दरवर्षी नवी पोरं हाताखाली येतात. येताना चकचकीत चाकू आणतात आणि दिवाळीपर्यंत कुणाचं टोक मोडलेलं, कुणाचं पातं गंजलेलं. चुका त्याच त्या. तोंडाने सांगून कंटाळलो, म्हणून आता लिहून काढतोय.

लॉक नसलेल्या चाकूने भोक पाडणे

ही चूक सगळ्यात वाईट, आणि ती माझ्या घरात घडली आहे.

जीवामृतासाठी 200 लिटरचा निळा ड्रम आणला होता. त्याला तळाशी कॉक बसवायचा होता. ड्रिल मशीन पिकअपमध्ये, पिकअप बांधापलीकडे, चालत फार तर पाच मिनिटं. भाचा म्हणाला, "मामा, एवढ्याशा भोकाला ड्रिल कशाला? चाकूने पाडतो ना." मी व्हॉल्व्ह जोडत होतो. मान वर करून "थांब" म्हणेपर्यंत त्याने टोक रोवून जोर लावला होता. ड्रमचं प्लास्टिक चिवट. टोक अर्धं आत जाऊन अडकलं, हात पुढे गेला, आणि पातं मिटलं ते थेट बोटांवर.

आवाज काही झाला नाही. त्याने मूठ सोडली, बोटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, हे बोट वळत नाहीये." तर्जनीला नुसती खोल जखम होती, पण मधल्या बोटाची आतली शीर तुटली होती. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. त्याच रात्री नाशिकला ऑपरेशन झालं, सहा आठवडे हात पट्टीत, पुढे कित्येक महिने बोटाचे व्यायाम. त्या वर्षीची छाटणी त्याने बांधावर बसून पाहिली. अजूनही ते बोट पूर्ण मिटत नाही. कात्री धरताना त्याला ते जाणवतं, आणि मी समोर असलो की मलाही.

असं का होतं ते नीट समजून घ्या. पातं एका पिनेवर फिरतं. साध्या चाकूत त्याला उघडं धरून ठेवते ती फक्त पाठीकडची स्प्रिंग. ओढून कापताना धारेवर येणारा दाब पात्याला उघडंच ठेवतो, म्हणून लॉक, म्हणजे उघडं पातं मिटू न देणारा अडसर, नसलं तरी चालतं. टोक खुपसलं आणि हात जरासा वाकडा झाला, की तोच जोर पात्याला मिटवायला निघतो. आणि मिटताना धारेच्या वाटेत काय असतं? तुमची चार बोटं.

व्हिक्टोरिनॉक्सच्या नेहमीच्या 91 मिलिमीटरच्या चाकूला लॉक नसतं, त्यांच्या 111 मिलिमीटरच्या बऱ्याच चाकूंना असतं. ओपिनेल या लाकडी मुठीच्या फ्रेंच चाकूला 1955 पासून मानेशी फिरणारी, पातं अडवणारी कडी आहे, पण ती फिरवली तरच उपयोग. पोरं नेमकं तेच विसरतात. चाकू उघडला की कडी फिरवायची, इतकी सवय लागली पाहिजे की अंधारातही हात आपोआप फिरला पाहिजे. आत पट्टी सरकणारं लॉक असेल तर ती पट्टी पात्याच्या बुडाखाली पूर्ण बसली का, हे मी प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघतो. मातीचा एक खडा मध्ये आला तरी ती अर्धवट बसते. आणि लॉक असलं तरी भोक पाडायला मी ड्रिलच आणतो. पाच मिनिटं चालतो.

ग्राइंडरवर धार लावणे

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. कार्बन पोलादाचं पातं, फार लाडकं. घाईत होतो, म्हणून वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरवर धरायला दिलं. दोन मिनिटांत परत मिळालं, ठिणग्याही छान उडाल्या. हातात घेतलं तर टोकापासून दोन बोटं धारेलगत निळी झाक. त्या संध्याकाळी केस कापत होतं. दुसऱ्या दिवशी दहा-बारा लॅटरल कापल्या आणि निळा भाग पार बोथट झाला, बाकीची धार मात्र शाबूत.

कार्बन पोलादावर तो निळा रंग दिसतो म्हणजे तिथलं तापमान जवळपास 300 अंशांवर गेलं. पात्याला पाणी देताना आलेला कडकपणा तिथे उतरतो. पाण्यात बुडवून तो परत येत नाही. निळा भाग दगडावर घासून काढेपर्यंत मला पावसाळा लागला आणि पात्याची रुंदी कमी झाली ती झालीच.

आता माझ्याकडे कार्बोरंडमचा दुहेरी दगड आहे, एक बाजू जाड, एक बारीक. पाणी घालून वापरतो. पातं दगडावर आडवं ठेवून पाठ साधारण 5 मिलिमीटर उचलतो, तीन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी. धारेवर मार्कर पेनाने काळी रेघ ओढतो. चार हात मारले की रेघ कुठे पुसली ते दिसतं. धारेच्या वर पुसली तर पाठ फार खाली आहे, नुसत्या कडेला पुसली तर फार वर. एका बाजूने घासत राहायचं, पलीकडे बारीक बर (धारेवर वळलेली खरखरीत कड) अंगठ्याला लागेपर्यंत, मग बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेने दहा-पंधरा हात. वर्तमानपत्राचा कागद अडखळत न फाटता कापला, तर झालं. रविवारी सकाळी वीस मिनिटं. ज्याला तेवढा धीर नाही त्याने चाकू बाळगू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

कापताना जोर करणे

लॅटरल कापताना नवी पोरं पाईप मांडीवर घेऊन पातं दाबत बसतात. पाईप चेपतो, पातं मध्येच अडकतं, आणि सुटतं तेव्हा मांडीकडे येतं. पाईपला हलका बाक द्या, बाकाच्या बाहेरच्या अंगाला धार टेकवा आणि अंगापासून लांब ओढा. ताणामुळे काप आपोआप उघडत जातो, पात्याला वाट मिळते. काप काटकोनात आला पाहिजे, तिरका गेला तर जॉइनर गळतो. दिवसभरात शंभर काप असतील तर सरळ पाईप कटर घ्या.

खताची गोणी कापून पातं तसंच मिटणे

म्युरेट ऑफ पोटॅश या खतात क्लोराइड असतं. ते स्टेनलेस पात्यालाही बारीक खड्डे पाडतं, कार्बनचं तर सकाळपर्यंत लाल होतं. पुसून मिटा, नाहीतर मिटूच नका. माझी पद्धत अशी: संध्याकाळी गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, सांध्यात नीट घासायचं, कोरडं करायचं आणि पिनेवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. जास्त तेलावर आपली काळी माती चिकटते आणि सांध्यात कानशीसारखी झिजवत बसते. खोबरेल तेल घालू नका, ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं.

ओपिनेलसारखी लाकडी मूठ पाण्यात भिजत ठेवू नका. लाकूड फुगतं आणि पातं निघत नाही. तसं झालं तर कडी मोकळी करा आणि मुठीचं बूड लाकडावर ठोका, पातं पुढे डोकावतं. नखं मोडत बसू नका.

टोकाने स्क्रू फिरवणे, ड्रमचं झाकण उचकटणे: टोक मोडणार. पक्कड, पेचकस सोबत ठेवा.

मांडवाची तार पात्याने तोडणे: धारेला खाच पडते, ती घासून काढायला तीन रविवार जातात.

पाठीवर हातोडी मारून बांबू फोडणे: पहिल्याच घावाला पिन सैल होते. बांबूला कोयता आहे.

पातं हलायला लागलं तर स्क्रू आवळा, पण बरोबर मापाच्या टॉर्क्स (चांदणीसारख्या तोंडाच्या) बिटनेच आणि एका वेळी अगदी थोडा. तो पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब लावा. आमच्याकडे मुलीची बाटली याच कामाला संपते.

महागडं, फार कडक पोलाद पहिल्या चाकूला घेऊ नका. त्याची धार टिकते हे खरं, पण बोथट झाल्यावर साध्या दगडाला ते दाद देत नाही, आणि मग पोरगं जातं ग्राइंडरवाल्याकडे.

भाच्याकडे आता कडीचा चाकू आहे. परवा मोहाडीजवळच्या बागेत मी त्याला गोणी उघडताना बघत होतो. चाकू उघडला, कडी फिरवली, अंगठ्याने ती हलते का पाहिलं आणि मगच गोणीला हात घातला. शेजारी एक नवा पोरगा टोकाने पाण्याच्या कॅनला भोक पाडायला बसला होता. भाच्याने त्याच्या हातातून चाकू काढून घेतला आणि त्याला ड्रिल आणायला पिकअपकडे पाठवलं.