खाणीवरची हिरवळ मोजताय? या चुका टाळा (निम्म्या मी करून बसलोय)

इंदूरला बसून सिंगरौलीच्या खाणी बघतो म्हटलं की मावशीचा ठरलेला प्रश्न, "अरे पण इथे कुठे आलाय कोळसा?" नाहीच आलाय, इथे रामबागेत फक्त लॅपटॉप आहे, कोळसा राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. कोळशावरचा दगड-मुरूम, ज्याला सगळे ओबी (ओव्हरबर्डन) म्हणतात, तो रचून डंप होतो, त्यावर रोपं लावतात, आणि मग ती जगली का, जंगल परत येतंय का हे वर्षानुवर्षं बघत राहायचं. सोपं वाटतं, पण सगळे त्याच त्याच चुका करतात, म्हणून सांगून देतो.

सगळ्यात कॉमन म्हणजे ऑक्टोबरची सॅटेलाइट इमेज. पाऊस संपलेला, आकाश स्वच्छ, डंप हिरवागार. पण ते हिरवं म्हणजे टाकळा, गाजरगवत, कांस, आणि आपली रोपं त्यात कुठेतरी गुडघाभर. एनडीव्हीआयला, म्हणजे सॅटेलाइट इमेजवरून हिरवळ मोजायच्या आकड्याला, लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशातला फरक कळतो, शिसम आणि गाजरगवतातला नाही. म्हणून यंदाचा ऑक्टोबर मागच्या एप्रिलशी लावू नका, त्याच पंधरवड्याशी लावा, आणि एक इमेज उन्हाळ्याची घ्याच, गवत वाळल्यावर काय उरतं ते बघायला. तेव्हा पानगळीची झाडं पण उघडी असतात, म्हणून त्याच तारखेचा जवळच्या न खणलेल्या जंगलाचा आकडा शेजारी ठेवायचा. जवळच्या हं. आमच्यातल्या एकाने सोयीचं म्हणून इथलं रालामंडल घेतलं होतं, मालव्यातली टेकडी आणि सिंगरौलीचा फुटका सँडस्टोन, काय बोलणार.

आता माझी चूक. एका डंपचा ग्राफ २०२२ च्या सुरुवातीला धाडकन खाली आला, आणि मी रिपोर्टमध्ये पाणी कमी पडल्यावर अख्खा पॅराग्राफ लिहून मोकळा झालो. शेजारचा पोरगा बघून म्हणाला, "भिया, जंगलाचा ग्राफपण त्याच दिवशी पडलाय की." झालं असं होतं की सेंटिनेल-२ या युरोपियन सॅटेलाइटच्या फायलींत २५ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात, ते वजा करायचे असतात, मी केले नव्हते. हिशोब बघा, लाल ५०० आणि इन्फ्रारेड २५०० असेल तर एनडीव्हीआय ०.६७ येतो, तेच १५०० आणि ३५०० धरले तर ०.४०. झाडाचं एक पान हललं नाही आणि आकडा निम्म्याच्या जवळ! गूगल अर्थ इंजिनमध्ये (सॅटेलाइट इमेजवर ऑनलाइन काम करायची गूगलची सोय) 'हार्मोनाइज्ड' लिहिलेलं कलेक्शन घ्या, कटकट मिटते.

इंदूरवाल्यांची खास चूक म्हणजे झोन. नकाशासाठी पृथ्वीच्या उभ्या पट्ट्या पाडतात त्या यूटीएम झोनपैकी आपण ४३ मध्ये, सिंगरौली ४४ मध्ये, आणि जुना टेम्प्लेट उघडून काम सुरू केलं की क्षेत्रफळ साधारण दीड टक्का फुगतं. चेक करा, पुढे चला.

हद्दीचं पण बघा. सीएमपीडीआय, म्हणजे कोल इंडियाचीच खाणींचं नियोजन करणारी कंपनी, कोल इंडियाच्या खाणींचे सॅटेलाइट नकाशे करते, त्यात चालू खाण, नुसता भरलेला भाग आणि प्लांटेशन वेगवेगळं दाखवतात. आपण अख्ख्या लीजची, म्हणजे खाणीला दिलेल्या सगळ्या जमिनीची, सरासरी काढली तर त्या एका आकड्याला काही अर्थ नाही. आणि हॉल रोडलगतची, म्हणजे खाणीतल्या डंपरच्या रस्त्यालगतची, झाडं धुळीने माखलेली असतात, पहिल्या पावसात धुतली की एनडीव्हीआय वर जातो, त्याला वाढ म्हणू नका.

पण खरा घोळ फील्डवर होतो. पहिल्यांदा डंपवर गेलो तेव्हा मोजणारे दादा प्रत्येक रोपापुढे जिवंतची खूण करत चालले होते, काडी उभी दिसली की टिक. मी एका काडीपाशी बसलो आणि नखाने साल खरवडली, आत भुरकट, कोरडं. दुसरी पण तशीच. तिसऱ्या काडीला वर कोरडं, पण बुडाशी मातीला लागून खरवडलं तर ओलसर हिरवं निघालं. म्हणजे शेंडा मेलेला, रोप जिवंत, ते पावसात खालून फुटतं. म्हणून खरवडायचं ते बुडाशी, नुसतं लांबून बघून जिवंत पण म्हणायचं नाही आणि मेलं पण म्हणायचं नाही.

याहून मोठी गोष्ट गॅप फिलिंग, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं. समजा १०० लावली, ४० मेली, पावसाळ्यात ३५ नवी लावली, मोजणाऱ्याला ९५ दिसली, कागदावर ९५ टक्के जगली. खोटं कुणीच बोललं नाही, पण जगली ६०च. नव्या रोपाला नवा नंबर द्या, जुना नंबर मेला म्हणून रजिस्टरमध्ये राहू द्या, खोडू नका. मोजणी पहिला उन्हाळा काढल्यावर करा, लावल्यावर दोन महिन्यांनी नाही.

उतारावर टेप जमिनीला टेकवून १० बाय १० चा प्लॉट आखला तर २८ अंशाच्या उतारावर नकाशातलं क्षेत्र ८८ चौरस मीटरच भरतं, आणि हेक्टरी झाडं कमी निघतात. टेप आडवी, लेव्हलमध्ये धरा, एक माणूस जास्त लागतो, लागू द्या.

आणि टॅग प्लास्टिकचे नको, उन्हात तडकतात. अॅल्युमिनियमचे घ्या, तार बोटभर ढिली ठेवा, मी घट्ट बांधलेले टॅग नंतर खोडात रुतलेले काढताना साल सोलून आली होती.