परदेशी विमानाचे तास मोजताना या चुका टाळा

पुण्यातल्या कितीतरी घरांतून आई-बाबा मुलांकडे अमेरिकेला निघतात. अंतर मोबाईलवर लगेच सापडतं, पण वेळेचं गणित चुकलं की सगळ्या घराची धावपळ होते.

सर्वांत महागात पडते ती तारखेची चूक. मुंबईहून लांब पल्ल्याची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ०१:३० असेल, तर निघायचं १४ तारखेला. साडेदहापर्यंत विमानतळावर हजर, त्याआधी घाटातल्या कोंडीसकट चार-पाच तास धरा. म्हणजे पुण्यातल्या वाकडहून संध्याकाळी पाच-साडेपाचला गाडी सुटायला हवी. फ्रिजवर कागद लावाल तो विमानाच्या वेळेचा नको, 'घरातून निघणे: १४ तारीख, संध्याकाळी ५' असा लावा. पंधराला रात्री जेवून निघालेल्यांचं विमान आदल्याच रात्री गेलेलं असतं!

दुसरी चूक, तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा मुंबईहून पहाटे २:०० ला सुटून विमान त्याच तारखेला सकाळी ७:३० ला न्यूयॉर्कला उतरतंय. दिसतात साडेपाच तास. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, ते मिळवा. खरा प्रवास १६ तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा साडेनऊच मिळवायचे. लंडनची घड्याळं मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. तिकिटावरच्या वेळेत हा बदल आधीच धरलेला असतो, आपण पुन्हा तास वाढवू नका.

किलोमीटरला ९०० ने भागून तास काढणंही फसवं. मुंबई-न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५०० किमी, म्हणजे हिशेबाने १४ तास. पण हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. विमानाला वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांचे तास वाढले. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे लंडनला जाताना जास्त वेळ लागतो, येताना साधारण तासभर कमी. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा वेळही तिकिटावरच्या तासांतच येतो.

अंतर मैलांत दिसलं तर कुठले मैल ते बघा. नेहमीचा मैल १.६०९ किमीचा, विमानवाल्यांचा सागरी मैल १.८५२ चा.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीमार्गे जात असाल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. वेगवेगळी तिकिटं असली की दिल्लीत सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, आणि पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं. त्या दिवसांत मध्ये पाच-सहा तास तरी ठेवा.