बेळगावात नवीन आलात? आधी घरची वाटी तोलून घ्या

लग्न होऊन साताऱ्याहून बेळगावात आले, त्याला 22 वर्षं झाली. नवीन आलेल्या मुली मला भाड्याचं घर, गॅस, शाळा यांचं विचारतात. ते सगळं महिन्या-दोन महिन्यांत मार्गी लागतं. सुकामेव्याच्या मापाचं मात्र कुणी सांगत नाही, आणि तिथेच महागाचा जिन्नस वाया जातो.

इथे शेजार लाभला की पाककृती घरी चालत येतात. थंडीत डिंकाचे लाडू होतात, कन्नड घरांत त्यांना अंटिन उंडी म्हणतात. गोकाकचा करदंट, म्हणजे गूळ, डिंक आणि सुकामेव्याची वडी, घरी करून बघावासा वाटतो. अक्का कृती सांगतात ती वाटीनं आणि रविवार पेठेतला दुकानदार माल देतो किलोवर. मी पहिल्या वर्षी वाटी म्हणजे पाव किलो असं धरून चालले. दोन वाट्या खोबरं म्हणून अर्धा किलो किसलं, दोन वाट्या गूळ म्हणून अर्धा किलो घेतला. पाकात खोबरं पडलं आणि पाक दिसेनासाच झाला. लाडू वळायला घेतला तर मुठीतून भुशासारखा गळायचा. शेजारच्या अक्का आल्या, परात बघितली आणि आपल्या घरून वाटी घेऊन आल्या. त्यांच्या दोन वाट्या कीस जेमतेम शंभर ग्रॅम भरला. गूळ दुपटीनं जास्त झाला होता, खोबरं पाचपट. मग लाडू बांधणार कसे?

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि वाटी काठोकाठ पाण्यानं भरायची. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर वाटी. माझी 150 ची आहे. तिच्यात बेदाणे 90 ते 95 ग्रॅम बसतात, अख्खे बदाम 90 च्या आसपास, अख्खे काजू 80 ते 85, अक्रोडाचे अर्धे गर 60 ते 65 आणि सुक्या खोबऱ्याचा कीस फक्त 50-55. तुमची वाटी लहान-मोठी असेल तर पाण्याच्या वजनावरून हिशेब करा: बेदाणे-बदाम सहा दशांश, कीस जेमतेम तिसरा हिस्सा. कृतीत कप असेल तर तो बहुधा 240 मिलिलिटरचा, त्यात बेदाणे 150 ग्रॅमच्या आसपास. घरी काटा नसेल तर वाटी पिशवीत घालून दुकानात न्या. मी कितीदा नेली आहे, दुकानदार आनंदानं तोलून देतात.

हे आकडे सुट्ट्या, न दाबलेल्या जिनसांचे. बेळगावचा पाऊस तुम्ही बघालच. त्या दमट हवेत बेदाणे एकमेकांना चिकटतात, वाटीत गच्च बसतात आणि वजन वाढतं. म्हणून आधी हातानं मोकळे करा, मग भरा. काप आणि पूड यांचं माप अख्ख्यापेक्षा वेगळं येतं, ते स्वतंत्र तोलायचं.

सासूबाईंच्या जुन्या वहीत ‘शेर’ दिसला तर थांबा. वजनाचा पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. मापाचा शेर चार चिपट्यांचा, भांड्यानं भरून घ्यायचा. शब्द एकच, जिन्नस निराळा. कुठला शेर ते घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारा.

दुकानात मराठी चालते, तरी चार शब्द शिकून घ्या, माणसं जवळची होतात. काजू म्हणजे गोडंबी, सुकं खोबरं कोब्बरी, खारीक उत्तत्ती. ती उत्तत्ती घेताना एक लक्षात ठेवा: कृतीत वजन दिलं असेल तर ते बिया काढल्यानंतरचं आहे का ते विचारून घ्या, आणि तसं असेल तर थोडी जास्तच आणा.